फोटोतला आईचा डोळा

वारजे
गौरी गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी

भाग्यश्री,

फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड. माझा फोन तू ब्लॉक केलास, सूरजचा केलास, सूरजच्या बापाचाही केलास. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. चौथी पास बाईचं अक्षर आहे, हसू नको.

मुद्द्याचं आधी. तू डोक्याचा एमआरआय करून घे. नुसता डोक्याचा नाही, डोक्यातल्या रक्ताच्या नसांचा. डॉक्टरला असंच सांग. अमरावतीत होतो, सूरजनं मोबाइलवर बघितलंय. आता कशाला ते ऐक.

श्रावण सरता सरता माझा डावा डोळा दुखायला लागला. डोळ्याच्या मागं, आत, कुणी अंगठा दाबून धरावा तसा. मी म्हटलं पीठ गेलं असेल. गिरणीवालीच्या डोळ्यात पीठ नाही जाणार तर काय गुलाबपाणी जाणार? मग पापणी खाली यायला लागली. वर करायला गेले तर जाईना. समोरच्या सोसायटीतली एक बाई दळण न्यायला आली, म्हणाली, "अहो विजयमालाबाई, आज डोळा कुणाला मारताय?" मी म्हटलं, "तुमच्या मिस्टरांना. चालेल ना?" हसलो दोघी. दुसऱ्या दिवशी पापणी बोटानं वर धरली तर एका गिऱ्हाइकाची दोन गिऱ्हाइकं दिसायला लागली. माणसं दोन आणि डबा एकच, असला धंदा काय कामाचा?

विमलआत्या आहे अजून, ठणठणीत आहे. तिनं मीठ-मिरच्या ओवाळल्या. म्हणाली, "सणाच्या तोंडावर नजर लागली. वारं हाय ते." मिरच्यांचा ठसका सगळ्या आळीला लागला, पापणी जागची हलली नाही. शेवटी नवा चष्मा करावा म्हणून कर्वेनगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. त्यानं पापणी बोटानं उचलली, बॅटरी मारून बाहुली बघितली आणि बॅटरी टेबलावर ठेवून दिली.

"बरोबर कोण आहे?"

"कुणी नाही. चष्म्याला माणूस कशाला लागतं?"

"चष्म्याचं नाही हे. मेंदूच्या दवाखान्यात जायचं. आत्ता."

"अहो, गणपती तोंडावर आलेत, गिरणीत मोदकाच्या पिठीचे डबे रांगेनं लागलेत माझे."

"डबे थांबतील, बाई. तुमचं काही सांगता येत नाही."

असं तोंडावर बोलणारं माणूस मला माझ्याशिवाय दुसरं भेटलं नव्हतं, म्हणून ऐकलं. त्यानं स्वतः दवाखान्यात फोन लावला, बाहेर येऊन रिक्षा थांबवली आणि रिक्षावाल्याला दम दिला की मध्ये कुठं थांबायचं नाही. माझ्या गणपतीत ह्या वर्षापासून त्याच्या नावाचा एक मोदक असतो.

मेंदूकडं जाणाऱ्या नसेला फुगा आला होता. गिरणीत पीठ पडतं त्या तोंडाला आपण कापडाची बाही बांधतो बघ, ती एका जागी विरली की तिथं पोट धरते आणि एक दिवस फाटते. तसंच. तो फुगा पापणी उचलणाऱ्या तारेवर दाबत होता म्हणून पापणी पडली. तिथल्या डॉक्टरीणबाई, शर्मिला नाव, सूरजपेक्षा चारदोन वर्षांनी मोठी असेल. म्हणाली, "पापणी पडली हे तुमचं नशीब, काकू. पुष्कळांचा काही न सांगता फुटतो."

मी म्हटलं, "कवटी कुठनं उघडणार? आणि केस सगळे काढणार असाल तर आधीच सांगते, नवरा जिवंत आहे माझा."

"कवटी उघडायची नाही. जांघेतल्या नसेतून बारीक नळी घालायची, ती वर मेंदूपर्यंत न्यायची आणि फुग्यात मऊ तारेची वेटोळी भरायची. रक्त आत शिरायचं बंद झालं की फुगा फुटायची भीती गेली."

"दुखणं डोक्यात आणि तुम्ही शिरणार जांघेतनं?"

"वारज्याहून येरवड्याला तरी सरळ जाता येतं का, काकू? पोचल्याशी कारण."

पोरगी हसली नाही बोलताना. तेव्हाच मी ओळखलं, हिला येतंय.

जागी झाले तेव्हा पहिला हात डोक्यावर फिरवला. वेणी होती तशी. जांघेत मोहरीएवढी खूण, बाकी अंगावर ओरखडा नाही. भागे, मी कुणाचे आभार मानत नाही, तुला ठाऊक आहे. दुकानदार मापात देतो, आपण मोजून देतो, आभार कसले? पण त्या पोरीचा हात धरला आणि मला बोलता येईना. मला! सूरज म्हणाला, "डॉक्टर, आईची वाचा गेली की काय बघा."

पापणी अजून अर्ध्यावर आहे. हळूहळू वर जाईल म्हणतात. गिरणीत बसायला लागले आहे, पण डबे सूरजचा बाप उचलतो. ते बघण्यासारखं आहे.

तू तपासून घे. सख्ख्या बहिणीला असू शकतं. आणखी एक सांगायचं आहे, ते आज नाही. आधी उत्तर दे.

ताई


वारजे
घट बसले

भाग्यश्री,

उत्तर नाही. बरं. मग ते दुसरं सांगतेच. तू समोर नाहीस तेच बरं, समोर असतीस तर मध्येच उठून गेली असतीस.

दवाखान्यातनं सोडताना शर्मिलाबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणी असं अचानक गेलं होतं का? डोकं धरून?"

मी म्हटलं, आई.

"कशानं गेल्या?"

आता काय सांगू? आपल्या घरात ह्याचं एकच उत्तर अकरा वर्षं चाललंय. धाकटीनं वऱ्हाडातला नवरा केला, लग्न झाल्यावर जेजुरीला गेली नाही, घरात खंडोबाचं जागरण घातलं नाही, नवऱ्याची कंपनीतली रजा संपली म्हणून तशीच अमरावतीला निघून गेली. देव कोपला आणि तिसऱ्या दिवशी आई गेली. हे त्या शिकलेल्या पोरीला कुठल्या तोंडानं सांगायचं? सूरजनं सांगितलं. सगळं सांगितलं. आत्या आईच्या मढ्याशेजारी बसून तुला काय बोलली तेही. पोरगी खाली मान घालून ऐकत होती. मग म्हणाली, "आजींचा डोळा कधी काकूंसारखा झाला होता?"

मी म्हटलं, छे.

आणि सूरज ओरडला, "आई! मावशीच्या लग्नातला फोटो!"

तो फोटो, भागे. तू, श्यामसुंदर आणि मागं आई. आईचा एक डोळा उघडा, एक मिटलेला. फोटोवाल्यानं तिथंच कॅमेऱ्यात दाखवला आणि आपण पोट धरून हसलो. श्यामसुंदर म्हणाला, "सासूबाईंनी मले डोळा मारला ना जी." आईसुद्धा हसली. फोटोवाल्याला शिव्या घातल्या की तुला वेळ साधता येत नाही. सूरजनं मोबाइलवर तो फोटो मोठा केला. मग हळदीचे काढले. हळदीतही पापणी अर्धी खाली. बांगड्या भरताना, तिथंही. सगळ्या लग्नात आईची एक पापणी पडत होती आणि लग्नघर म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही. कपाळाला सुंठ लावून बसायची. आपण म्हणायचो, दगदग झाली.

शर्मिलाबाईंनी सगळे फोटो बघितले. म्हणाल्या, "फोटोवरून मी लिहून देणार नाही. आता खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही. पण मला तरी तेच वाटतं. आणि आई आणि बहीण दोघींना असेल तर तुमच्या धाकट्या बहिणीनं तपासलंच पाहिजे." नंतर दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, हे शब्द त्यांचे, माझे नाहीत: "असा फुगा कुणाची रजा संपली म्हणून येत नाही, काकू. तो आधीपासून असतो."

आधीपासून असतो. हे मी रिक्षात तीनदा म्हटलं. रिक्षावाला म्हणाला, काय असतं? मी म्हटलं, तू गाडी चालव.

आता ते जागरण. आईच्या वर्षश्राद्धानंतर मी तुझ्या नावानं घातलं ते. कुणाला विचारून घातलंस, असं तू फोनवर म्हणालीस. मी कुणाला विचारून काही करत नाही. भावकी उठताबसता बोलत होती. म्हटलं, वाघ्या-मुरळी बोलावते, रात्रभर देवाची गाणी होऊ देते, देवाच्या भिक्षेचा कोटंबा पुजते, एकदाची सगळ्यांची तोंडं बंद होतील. झालीही. तू म्हणालीस, "म्हणजे ताई, माझ्या नावानं दंड भरलास. गुन्हा मीच केला हे पक्कं झालं." आणि फोन ठेवलास तो आजतागायत.

मला वाटायचं, देवाचं कार्य केलं, त्यात हिला एवढं काय झोंबलं? आता कळलं काय झोंबलं. बास. ह्यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

एमआरआय कर.

ताई


वारजे
कोजागिरी झाली

भाग्यश्री,

श्यामसुंदरचा फोन आला होता. चोरून केला होता बिचाऱ्यानं, मागं प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू येत होती. म्हणाला, "ताई, ती ऐकूनच नाही राहिली. म्हणते मले काही होत नाही. पत्रं मात्र कपाटात साड्यांखाली ठेवते जी." मी म्हटलं, काय म्हणते ते अक्षर न अक्षर सांग. मग सांगितलं. तू म्हणालीस, "इतकी वर्षं देव होता, आता नस सापडली. उद्या माझी नस चांगली निघाली की परत मीच आईला मारलं."

म्हणून तपासत नाहीस होय? काही निघेल म्हणून नाही, काही निघणार नाही म्हणून घाबरतेस? कमाल आहे बाई तुझी. पण कळलं मला.

मी फोन ठेवला आणि आत्याकडं गेले. आत्या समोर बसली आहे आत्ता, मी लिहितेय आणि ती बघतेय. तिला आईचा फोटो दाखवला. डोळ्याजवळ नेऊन पुष्कळ वेळ बघत बसली.

"वैनी हाय का ही?"

"मग काय मी आहे?"

"हिचा डोळा मिटत व्हता, मला ठावं हाय. मीच म्हनले व्हते हळदीत, वैनी, जाऊन पड जरा, झोपंनं डोळा मिटाया लागलाय तुजा."

भागे, ऐकतेस ना? म्हटलं, "आत्या, तुला दिसलं होतं?"

"दिसलं की. मला झोप वाटली."

मग मी तिला फुग्याचं सगळं समजावलं. गिरणीच्या बाहीचं उदाहरण दिलं, ते लगेच कळलं. फोटो पालथा ठेवला तिनं. मला वाटलं आता उठून जाईल, ती पण आपल्यासारखीच. पण म्हणाली, "लिही."

"काय?"

"लिही, आत्या म्हनती. द्येवाला मी मधी घातलं. द्येवानं काय केलं न्हाई आन पोरीनंबी काय केलं न्हाई. तिची नस कशीबी निघू दे, चांगली निघू दे न्हाईतर वाईट, ह्या बोलन्यात फरक न्हाई. लिवलंस?"

"लिहिलं."

"वाच."

वाचून दाखवलं. म्हणाली, "आन लिही, तपासून घे. न्हाईतर मी येती अमरावतीला. एस्टी लागती मला, वकत वकत येईन, पर येईन."

मग म्हणाली, तिला खरं वाटायचं नाही, तू काहीही लिहितेस, माझा अंगठा घे खाली. शाई कुठली घरात? देव्हाऱ्यातलं कुंकू कालवलं. खाली तो तांबडा डाग आहे तो आत्याचा अंगठा आहे. चटणी सांडलेली नाही.

ताई


वारजे
फराळाची दळणं चालू आहेत

भाग्यश्री,

तू केलंस. श्यामसुंदरनं रिपोर्ट सूरजला पाठवला. सूरज मला म्हणाला, "काही नाही गं, किरकोळ आहे." त्याचं तोंड बघितलं आणि त्याच्या हातातनं मोबाइल घेतला. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण त्या चित्रात नसेला दाणा आलेला मला आता कुठंही दिसतो.

आहे. तुलाही आहे.

शर्मिलाबाईंकडं आम्ही लगेच गेलो. त्या म्हणाल्या, फुटलेला नाही. लहान आहे, पण आकार वेडावाकडा आहे आणि घरात आधी दोघींचं झालंय, म्हणून तसाच ठेवू नये, भरून टाकावा. आधी तुझं सगळं नीट तपासतील. मी विचारलं, जोखीम किती? त्या गोड बोलत नाहीत. म्हणाल्या, जोखीम थोडी आहे, नाही असं मी सांगणार नाही. पण त्याला तसंच सोडण्यात जास्त आहे.

माझ्या वेळी मला काही वाटलं नव्हतं. आता कालपासून चकलीच्या भाजणीचं दळण दोनदा जाड काढलं. गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, ही भाजणी आहे की रवा?" मी उलट बोललेसुद्धा नाही.

नागपूरला करायचं तर नागपूरला कर. पण करायचं. इथं आलीस तर माझ्याकडं राहू नको, मला काही वाटणार नाही. खोटं आहे, वाटेल. पण येरवड्याला श्यामसुंदरचा मावसभाऊ आहे, तिथं उतर. मी दवाखान्याच्या पायरीवर उभी राहीन. माझ्याशी बोलूच नको. नुसती माझ्यासमोरून आत जा, तेवढं मला पुरे.

येताना बॅग तू उचलायची नाही. श्यामसुंदरला हात आहेत.

ताई


दवाखाना
दिवाळी झाल्यावरचा सोमवार, दुपार

भागे,

हे पत्र टपालात टाकायचं नाही. तू हातभर अंतरावर झोपली आहेस. पण तोंडानं मला हे येत नाही, म्हणून लिहून ठेवते.

सकाळी पायरीवर तू मला बघितलंस, वरपासून खालपर्यंत, आणि म्हणालीस, "किती म्हातारी झालीस गं." इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य. मी म्हटलं, "तू कुठं कोवळी राहिलीस?" श्यामसुंदरचा चेहरा पडला. त्याला वाटलं झालं, जुंपली दोघींची. येरवड्याच्या मावसभावानं तर रिक्षाच थांबवून ठेवली, परत जायला लागेल म्हणून.

मग आत नेताना सिस्टर म्हणाली, अंगावरचं सगळं काढा. मंगळसूत्र, कानातलं तू श्यामसुंदरकडं दिलंस. जोडवी निघेनात. सिस्टरनं साबण आणला, श्यामसुंदरनं ओढून बघितलं, तू कळवळलीस. मी लांब उभी होते, कारण मीच लिहिलं होतं ना की लांब उभी राहीन. तू पाय माझ्याकडं केलास. तोंड भिंतीकडं आणि पाय माझ्याकडं. एवढं वाकडं माणूस मी दुसरं बघितलं नाही, आरशात सोडून. मी खाली बसले आणि जोडवी फिरवून फिरवून काढली. तुझी टाच केवढी भेगाळली आहे! अमरावतीत तेल मिळत नाही का?

तू आत होतीस तोवर मी एका जागी बसले. सूरज म्हणाला, आई, चहा घे. मी म्हटलं, तू घे. मी खंडोबाकडं काही मागितलं नाही. नवससुद्धा केला नाही. त्याला म्हटलं, तुझ्या नावावर आम्ही पुष्कळ खपवलं, आज तू नुसता बस माझ्याशेजारी. बसला असेल. बाक रिकामाच होता.

शर्मिलाबाई बाहेर आल्या, डोक्यावरची टोपी काढली. म्हणाल्या, "छान भरला. हातपाय हलवतायत, बोलतायत. तुमच्यासारख्याच बोलतायत." मला हसायचं होतं, रडू आलं. मी भाजणीचा डबा आणला होता. त्या म्हणाल्या, आम्ही असं काही घेत नाही, काकू. मी म्हटलं, "घ्या. आईच्या वेळी कुणाला द्यायचं ते माहीत नव्हतं आम्हाला." मग घेतला.

आत अतिदक्षतेत घरच्यांना बसू देत नाहीत. पण तू स्वस्थ पडायला तयार नाहीस. जांघेतनं नळी घातली त्या पायाला संध्याकाळपर्यंत वाकवायचं नाही, वाकवला तर तिथनं रक्त येतं, हे तुला चारदा सांगितलं. तू चारदा हो म्हणालीस आणि पाचव्यांदा गुडघा वर. सिस्टर वैतागून बाहेर आली, म्हणाली, कुणीतरी एक जण पाय धरून बसा हो. श्यामसुंदर पुढं झाला. तर तू डोळे मिटूनच म्हणालीस, "त्याला नको. ताईला बोलवा. तिचा हात जड आहे."

म्हणून मी इथं आहे. डावा हात तुझ्या गुडघ्यावर आहे, उजव्यानं लिहितेय, कागद सरकतोय म्हणून अक्षर वाकडं आलंय. त्या डोळ्यांच्या डॉक्टरचं भलं होवो, ह्या पोरीचं होवो, ज्यानं कुणी ही मऊ तार शोधून काढली त्याच्या लेकराबाळांचं होवो. आईच्या डोक्यात जे होतं ते तुझ्या आणि माझ्या डोक्यात भरून बंद झालंय, आणि आपण दोघी एका खोलीत आहोत. मला ह्यापुढं काही मागायचं नाही.

आत्ता झोपेत पाय ओढलास. मी दाबला. तू म्हणालीस, "सोड ना गं ताई."

नाही सोडत. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून, आणि त्यापुढं माझ्या मनानं.